थांबलेले हात
काल घरातला जुना स्विच जळाला आणि तापलेल्या बॅकेलाइटच्या, त्या जुन्या कडक प्लास्टिकच्या, वासाने सातपूरचा स्विचचा कारखाना आठवला. सत्तरच्या दशकाअखेर मी तिथे कारकून होतो. स्विच जुळवणाऱ्या बायकांपैकी कुणी रिकामी दिसली की नोंद करायची. तीन नोंदी झाल्या की काम सुटायचे. दोन नोंदी झालेल्या देवळ्याच्या एक मावशी त्या सकाळी दहा मिनिटे टेबलाकडे नुसत्या बघत बसल्या. "मावशी, काम का थांबवलं?" मी विचारले. "हात थांबलेत भाऊ, मी नाय. स्प्रिंग बसते डाव्या हातानं अन् स्प्रिंगांचा डबा उजवीकडं. दर वेळी हात आडवा जातो. लिवा तुमी काय लिवायचं ते." मी कारणाच्या रकान्यात 'विचार करत होत्या' असे लिहिले. ते वाचून साहेब मला घेऊन थेट मावशींपाशी गेले. मावशींनी डबा डावीकडे सरकवला आणि भराभर पाच स्विच जुळवले. साहेबांनी विचारले, "अजून काही सुचतंय?" "बसू दिलं तर सुचंल," मावशी म्हणाल्या. साहेबांनी नोंद फाडली. पुढे मीही साहेब झालो, आणि कुणी गप्प बसलेले दिसले की पावलांचा आवाज न करता पुढे जात असे. मावशी परवा वारल्या; हे मी त्यांना कधी सांगितले नाही.