चाकण चौकातून येणारी गाडी

नव्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास आला की मला एमबीएची ती तोंडी परीक्षा आठवते. विषय होता खरेदी आणि पुरवठा. चिंचवडच्या आमच्या कॉलेजात एका कंपनीचे परचेस हेड परीक्षक म्हणून येणार होते आणि जो त्यांना पटेल त्याला तिथंच इंटर्नशिप मिळणार होती. साहेब आले ते तासभर उशिरा, घाम पुसत, चाकण चौकातल्या ट्रॅफिकला शिव्या घालत. मग टेबलावर नमुन्याची खोकी मांडून ते सप्लायर झाले आणि आम्ही एकेक जण चाकणपलीकडच्या कारखान्याचं गिऱ्हाईक. सगळे भावावरच तुटून पडले, पण साहेब काही हलेनात. मी त्याच चौकापलीकडच्या गावची. माझी पाळी आली आणि घाबरून जीभ गावाकडं वळली. "साहेब, गाडी कुठनं येनार हाय?" मागच्या बाकांवर खसखस पिकली. साहेब म्हणाले, "तळेगावहून, चाकण चौकातून. सकाळच्या शिफ्टला माल तुमच्या दारात." मी म्हणाले, "न्हाई पोचायचा. आज तुमीच येळेवर पोचला न्हाई की!" साहेब खुर्चीत मागं रेलून खदखदून हसले. "बरं बाई, मग काय करू?" "माल आदल्या दिवशी आमच्या गोदामात टाका. न्हाईतर कारखान्याची लाइन थांबली की खर्च तुमचा." "मान्य," म्हणत त्यांनी हात पुढं केला. आज त्यांच्याच खुर्चीत मी बसते. समोरचा सप्लायर भावाचं बोलायला लागला की मी त्याला थांबवते आणि आधी विचारते, "गाडी कुठनं येनार हाय?" आता कुणी हसत नाही.