दोरी ओढली की हात काढायचा

आमच्या घरी लेकीला न्हायला घालायचा वार गुरुवार. कुरुळीत भाड्याने राहायला आलो तेव्हा घरमालकीण काकूंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "गुरुवारी डोक्यावरनं पाणी घिऊ न्हाई." मी म्हटलं, काकू, कंपनीला सुट्टीच गुरुवारी असते, देवालाच सांगा वार बदलून घ्यायला. माझी जीभ अशीच आहे, आधी सुटते आणि मग मला कळतं. काकूंनी बोलणं टाकलं. पण पुढच्याच गुरुवारी आमच्या घरातून किंकाळ्या ऐकू आल्या, तेव्हा सगळ्यात आधी धावत आल्या त्या काकूच.

किंकाळ्या माझ्या लेकीच्या होत्या. तेव्हा ती सहा वर्षांची होती. तिला ऑटिझम आहे. बोलते मोजकं, ऐकते सगळं. कंगवा डोक्याला लागला की कुणी सुया टोचतंय अशी ओरडायची. भोसरीच्या थेरपीवाल्या मॅडमनी समजावलं होतं की हे नाटक नाही, आपल्याला जो नुसता स्पर्श वाटतो तो तिला खरंच दुखतो. मॅडमसमोर बसलं की मला ते पटायचं. सकाळी कंपनीची बस नाक्यावर यायची वेळ झाली की पटलेलं सगळं मी विसरायचे.

मग केस कापून का नाही टाकत, असं सगळेच विचारायचे. एकदा कापले होते. पार्लरमध्ये नवऱ्याने तिला मांडीवर घट्ट धरलं आणि मानेपर्यंत कापून आणले. तेव्हा कळलं की पोरीला कंगवा नको आहे, वेणी मात्र हवी आहे. वेणीचं टोक ओठांवरून फिरवत ती झोपायची. गर्दीत घाबरली की तेच टोक मुठीत धरायची. वेणी गेली आणि ती कितीतरी दिवस हात मागे नेऊन पाठ चाचपत राहिली. धड जेवलीही नाही. केस परत वाढायला वर्ष गेलं, आणि कात्री पुन्हा लावायची नाही हे मी ठरवून टाकलं.

राहिला एकच उपाय, धरून ठेवायचं. नवरा पाय धरायचा, काकू खांदे धरायच्या आणि मी डोकं. "धरल्याबिगर पोरी इंचरून घेत्यात व्हय? माज्या चार पोरींच्या येण्या मी आशाच घातल्या," असं काकू म्हणायच्या. नवरा फोर्जिंगच्या कंपनीत आहे. तो म्हणायचा, यापेक्षा तापलेलं लोखंड धरणं सोपं. आम्ही हसायचो. एका लेकराला तीन मोठी माणसं दाबून धरतात आणि वर हसतात, हे आज लिहितानाही मला लाज वाटते.

मी गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते. दिवसभर हातातून ढीगभर वायरी जातात, एकीचा गुंता होत नाही. आमच्या लाईनवर प्रत्येकीच्या डोक्यावर एक दोरी असते. वायर कमी आली, काही चुकलं, बोट अडकलं, की दोरी ओढायची. लाल दिवा लागतो, लाईन थांबते आणि लीडर येऊन विचारते, काय झालं? का थांबवलीस म्हणून कुणी रागवायचं नाही, हा नियम. एकदा माझ्या शेजारी नवी मुलगी आली होती. ती सकाळभर सारखी दोरी ओढायला लागली तेव्हा नियम गेला उडत, मी तिच्यावर खेकसले. लीडर मला म्हणाली, "ताई, ओढू द्या. घाबरून गप्प बसली तर जास्त घोळ होईल."

त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला दुसरं काही सुचेना. मला थांबवायला दोरी आहे. वायरींसाठी अख्खी लाईन थांबते. आणि माझं लेकरू जीव तोडून ओरडतं तेव्हा आम्ही तिघं आणखी घट्ट धरतो.

घरी जाऊन मी परकराची एक नाडी घेतली, तिच्या टोकाला घुंगरू बांधलं आणि खिडकीच्या गजाला अडकवली. लेकीला सांगितलं, तू ओढ, मी हात काढणार. नवऱ्याने विचारलं, "आता घरातपण शिफ्ट लावणार का?"

पहिल्या गुरुवारी शाळेलाही सुट्टी होती. कंगवा डोक्याला लागायच्या आधीच तिने नाडी ओढली. मी हात काढला. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा ओढली. मी पुन्हा काढला. मग तिला त्याची मजाच वाटायला लागली. दुपार झाली, नवऱ्याने खिचडी टाकली, ती जेवली, परत येऊन बसली आणि परत ओढायला लागली. मी शीघ्रकोपी बाई, ओठ आवळून बसले होते. वेणी काही झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती तशीच झिपऱ्या घेऊन शाळेत गेली आणि वहीत शेरा आला की केस बांधून पाठवा.

पण ओरडली नव्हती. मग घुंगरू वाजलं की मी लीडरसारखं विचारायला लागले, काय झालं, कुठे दुखलं? आधी ती नुसती बघायची. हळूहळू बोट ठेवायला लागली. कानामागे. मानेवर. भांगाची सुरुवात. मी टोकाकडून बोटांनी गुंता सोडवायला शिकले, कानामागची जागा शेवटी ठेवायला शिकले. काही महिन्यांत दोन-तीनदा घुंगरू वाजलं की वेणी व्हायला लागली.

मग काकूंच्या भाचीचा साखरपुडा आला, चऱ्होलीला. मी साडीच्या निऱ्यांत अडकले होते, म्हणून काकूंनीच लेकीला पुढ्यात घेतलं. नाडी त्यांना ठाऊक होती, पण पोरखेळ वाटायची. घुंगरू वाजलं. "झालंच बाय, येकच पेड ऱ्हायला," म्हणत काकूंचा हात चालूच. पुन्हा वाजलं. लेक ओरडली नाही. तिने फक्त मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कळलं, आत्ता मी गप्प बसले तर ही नाडी उद्यापासून नुसती नाडी. मी म्हटलं, "काकू, हात काढा."

आवाज चढला होता. काकूंनी हात काढला. घर सोडावं लागणार, असं मी मनात धरून चालले. काकूंनी कंगवा खाली ठेवला. मग लेकीला म्हणाल्या, "कुटं दुखलं, दाव." तिने कानामागे बोट ठेवलं. काकूंनी चष्मा लावून केस बाजूला केले. तिथे बारीक लाल पुळी होती. त्यांनी त्यावर हलकी फुंकर घातली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माज्या पोरींनाबी दुखलं आसंल की गं."

तो पेड त्यांनी सैलच घातला. साखरपुड्यात बायकांनी विचारलं, पोरीची वेणी अशी का? काकू म्हणाल्या, "आमच्यात आशीच घालत्यात."

संध्याकाळी घरी आले, अंबाड्याच्या पिना काढत खिडकीपाशी बसले. लेक कंगवा घेऊन माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी म्हटलं, घाल बाई वेणी. तिने आधी गजाची नाडी ओढून माझ्या हातात दिली, माझी बोटं नाडीवर नीट मिटवली आणि मग कंगवा टाळूवरून असा ओढला की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातलं थोडं मायेचं असेल, बरंचसं दुखण्याचं होतं. मी नाडी ओढली. तिने तत्काळ हात काढला, वाकून माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठे दुखलं?"