रक्ताचं ऑडिट

डॉक्टरीणबाईंनी माझंही रक्त तपासायला सांगितलं त्या दिवशी मला त्यांचा जो राग आला होता, तो आठवला की आता माझं मलाच हसू येतं. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल होत नव्हतं, आणि गेली दोन वर्षं आम्ही पिंपळे सौदागरच्या त्यांच्या दवाखान्यात चकरा मारत होतो. म्हणजे बायको मारत होती. मी सोडायला जायचो, मोटरसायकल लावायला जागा शोधायचो, आणि जागा मिळेपर्यंत ती बाहेर आलेली असायची. त्या दिवशी मात्र दारातच जागा मिळाली आणि मी सापडल्यासारखा आत जाऊन बसलो.

बाईंनी बायकोची जाडजूड फाइल मिटली. म्हणाल्या, "यांच्यात मला काही सापडत नाही. आता तुमच्या तपासण्या करू."

मी दंडाकडे बघितलं. स्वतःच्याच. त्या काळात ती सवयच लागली होती. शर्टाची बाही दंडावर फाटायला आलेली, आणि मी शर्टही मुद्दाम एक नंबर लहान घ्यायचो.

"माझ्या?" मी म्हणालो. "मॅडम, मला काय धाड भरलीय?"

"तेच बघायचंय," बाई म्हणाल्या.

बरीच घासाघीस झाली. रक्त देईन, बाकीचं काही देणार नाही, अशी अट मी घातली. बाईंनी ती मान्य केली आणि कागदावर भराभर तपासण्यांची नावं लिहिली. कंपनीत ऑडिट आहे, सहा आठवडे सुट्टी मिळणार नाही, असं मी सांगितलं. त्यालाही त्या हो म्हणाल्या. बायको माझ्याकडे बघत राहिली, कारण आमचं ऑडिट महिन्यापूर्वीच होऊन गेलं होतं.

मी चाकणला गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. बायको तळवड्याच्या एका छोट्या कारखान्यात कागदपत्रं सांभाळते. राहायला आम्ही चऱ्होलीत, आणि सोसायटीच्या समोरच एक जिम आहे. रक्त तपासायला सांगितलं त्याच्या अडीच वर्षं आधी मी तिथे जायला लागलो. सहा महिने अंडी खाल्ली, वजनं उचलली, अंगावर काही चढेना. मग एकदा ट्रेनरने मला कपडे बदलायच्या खोलीत नेलं आणि म्हणाला, "भावा, अंड्यानं काय होत नसतंय. तुला थोडा सपोर्ट लागंल."

सपोर्ट म्हणजे तेलकट औषधाची छोटी बाटली, आठवड्यातून दोनदा कुल्ल्यात टोचायची, आणि सोबत गोळ्यांचं एक पाकीट. माल परदेशी आहे असं तो सांगायचा. बाटलीवरचं लेबल वाकडं चिकटवलेलं होतं. ते माझ्या लगेच लक्षात आलं, कारण मी पगारच त्याचा घेतो. कंपनीत असं लेबल आलं असतं तर मी अख्खा लॉट पुरवठादाराच्या दारात परत पाठवला असता. इथे मी चड्डी खाली केली.

"आधी रक्तबिक्त तपासायचं का?" मी विचारलं होतं, एवढं माझ्या बाजूने सांगतो.

"रक्त आजारी माणसं तपासत्यात, राव. तू आरशात बघ की."

मी आरशात बघितलं. चार महिन्यांत आरसा माझ्यावर खूश झाला. सोसायटीतले लोक कपाटं हलवायला मला बोलवायला लागले. लिफ्ट बंद पडली की पाण्याचे जार चौथ्या मजल्यावर मीच चढवायचो, आणि तेही बघायला कुणी असेल तर दोन दोन. कंपनीत मी दर दोन तासांनी पाच नग मोजल्याशिवाय लाइन पुढे चालू देत नव्हतो. त्यावरून सुपरवायझरशी माझी भांडणं व्हायची. आणि दोन वर्षं मी स्वतःच्या अंगात जे ओतत होतो, त्याचं आत काय होतंय हे एकदाही मोजलं नाही. मोजला तो फक्त दंड, दर रविवारी, शिंप्याच्या टेपने.

बायकोला मी सांगितलं होतं की ती व्हिटॅमिनची इंजेक्शनं आहेत. तिने विश्वास ठेवला. तिला तेव्हा स्वतःच्याच इंजेक्शनांचं पडलं होतं. रोज सकाळी ती पोटावर सुई टोचून घ्यायची आणि मी तोंड फिरवून उभा राहायचो. मला सुई बघवत नाही असं म्हणायचो, आणि संध्याकाळी जिममध्ये जाऊन टोचून घ्यायचो. तिच्या गर्भनळ्यांची एक तपासणी झाली, ती फार दुखते म्हणतात. त्या दिवशी ती रिक्षाने एकटी घरी आली, कारण जिममध्ये माझा पाठीचा व्यायाम होता. हे लिहिताना मला लाज वाटते आहे, आणि वाटायलाच पाहिजे.

आई लातूरकडच्या आमच्या गावी थोरल्या भावाकडे असते. वर्षातून दोनदा आमच्याकडे यायची, येताना सुनेसाठी कसली कसली चूर्णं आणायची. शेजारणी जमल्या की माझ्याकडे हात करून सांगायची, "माझ्या लेकाकडं बघा की. पैलवान गडी हाय. त्याच्यात काय खोट निघणार हाय?" बायको आत चहा टाकत असायची. भिंत काही जाड नाही. मी त्यावर काही बोलायचो नाही. खरं सांगायचं तर मला ते ऐकून बरं वाटायचं.

तर सहा आठवडे कशाला मागून घेतले होते ते सांगतो. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात ऑडिट म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला येणार असली की आठ दिवस आधी फरशीवर पिवळे पट्टे नव्याने मारतात, एरवी कपाटात असलेले हातमोजे सगळ्यांना वाटतात, आणि नापास झालेला माल टेम्पोत भरून बाहेर काढतात. आमचा टेम्पो एकदा दिवसभर देहूपर्यंत हिंडून आला होता. पाहुणे गेले, टेम्पो आत आला. दहा वर्षं हे करून माझ्या डोक्यात एवढंच पक्कं बसलं होतं की तपासणी ही तयारी करून द्यायची गोष्ट आहे.

मी त्याच हिशोबाने स्वतःला ऑडिटसाठी तयार केलं. इंजेक्शन बंद. गोळ्या बंद. सकाळी लिंबूपाणी, दुपारी बीटचा रस, रात्री दहाला झोप. ट्रेनर म्हणाला, "सहा आठवडे बंद? पार उतरशील, भावा." मी म्हणालो, अंग साफ करतोय.

तिसऱ्या आठवड्यापासून मला जिना चढायचा कंटाळा यायला लागला. शिफ्टवरून आलो की बूट न काढता झोपायचो. चौथ्या आठवड्यात टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली, त्यात एक बाई लेकराला अंघोळ घालत होती, आणि माझे डोळे भरून आले. बायकोने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, कांदा चिरतोय ना. कांदा ती चिरत होती, मी खुर्चीत बसलो होतो. तरीही मला वाटलं, घाण बाहेर पडते आहे, सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय.

रक्त घ्यायला आलेल्या मुलीने माझा हात बघून म्हटलं, "काय शिरा आहेत, सर. डोळे मिटून टोचलं तरी लागेल." मी इतका खूश झालो की तिने कोपराच्या खाली पट्टी लावेपर्यंत दंड फुगवूनच बसलो होतो.

रिपोर्ट आला. बाईंनी तो एकदा वाचला, मग माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा वाचला.

"कुठलं इंजेक्शन घेता?"

"प्रोटीन पावडर घेतो, मॅडम."

"मी इंजेक्शन विचारलं."

बायकोने मान वळवली. बाईंनी कागद आमच्याकडे फिरवला आणि पेनाने एकेक आकडा दाखवला. पुरुषपणाचं जे हार्मोन असतं, ते माझ्यात जवळपास तळाला गेलं होतं. ते तयार करायचा हुकूम मेंदूकडून येतो, त्या हुकमाचे दोन्ही आकडेही तळाला. रक्त मात्र नको तेवढं दाट झालेलं, हृदयाला धोका होईल असं.

"बाहेरून तयार माल यायला लागला, की आतलं खातं बंद होतं," बाई म्हणाल्या. चाकणच्या माणसांशी कसं बोलायचं ते त्यांना चांगलं माहीत होतं. "मूल व्हायला जे लागतं तेही त्याच खात्यात बनतं. आता तुम्ही बाहेरचा मालही थांबवलात. म्हणजे गोदाम रिकामं आणि खातंही बंद."

मी अजून क्वालिटीचाच माणूस होतो. विचारलं, "मॅडम, इंजेक्शन बंद केलं नसतं तर आकडा चांगला आला असता का?"

"पहिला आला असता, भरपूर. तुम्ही तो फ्रेम करून लावला असता. मेंदूच्या हुकमाचे हे दोन तरी खरं बोललेच असते." त्यांनी पेन खाली ठेवलं. "औषध सुरू करण्याआधीचा काही रिपोर्ट आहे?"

"नाही."

"मधला एखादा?"

"नाही."

"तीन-चार महिन्यांनीच रक्त तपासलं असतंत तर हे तेव्हाच दिसलं असतं. आणि तुमचं मुळात किती होतं, हे आता कधीच कळणार नाही."

एवढा वेळ मी कसाबसा तग धरून होतो, पण या वाक्याला खचलो. पहिला नग मोजल्याशिवाय मशीन सुरू करणाऱ्या पोरांना मी सगळ्यांसमोर झापलं आहे. बायकोने त्या दिवशी एकच प्रश्न विचारला. "हे परत सुरू होतं का?"

"बहुतेकांचं होतं. कधी काही महिन्यांत, कधी वर्ष जातं, कधी जास्त. मी शब्द देत नाही. दर तीन महिन्यांनी रक्त बघू." राहिलेली तपासणीही मग मी निमूटपणे दिली. तिचा निकाल असा होता की मोजायला फारसं काही नव्हतं.

रिपोर्ट कळला त्या संध्याकाळी घरी आलो. बायकोने कुकर लावला, ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "बसा." कारखान्यात तक्रार आली की मूळ कारण सापडेपर्यंत चार-पाच वेळा 'का' विचारायचं, असा आमच्याकडे रिवाज आहे. तिच्या कारखान्यात ते कागद तीच भरते. मला ते बसल्यावर लक्षात आलं.

"का घेतलंत?"

"अंग भरावं म्हणून."

"अंग का भरायचं होतं?"

"बारीक दिसत होतो."

"बारीक तर तुम्ही लग्नातही होतात. मग तेव्हाच का सुचलं?"

मी टेबलावरचं प्लास्टिक खरवडत बसलो. ती थांबली. घाई करायची नसते, हेही त्या कागदाबरोबर शिकवतात.

"चुलतभावाच्या पोराच्या बारशात," मी म्हणालो. "मामा सगळ्यांसमोर बोलले. लग्नाला दीड वर्ष झालं, अजून काही नाही, याच्या अंगात काही आहे का नुसती हाडं. सगळे हसले."

"त्याचं एवढं का लागलं?"

"मला वाटलं, असं दिसावं की परत माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये."

कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बारीक केला.

"नाही दाखवलं कुणी," ती म्हणाली. "माझ्याकडे दाखवलं."

ती रडत नव्हती. मी रडत होतो, आणि त्यात हार्मोनचा भाग किती होता ते मला माहीत नाही. कंपनीत खरं कारण सापडलं नाही की आम्ही 'ऑपरेटरची चूक' असं लिहून कागद बंद करतो. घरी मी दोन वर्षं तेच करत आलो होतो.

आता मी दर तीन महिन्यांनी रक्त देतो, काहीही तयारी न करता. आकडे हळूहळू वर सरकताहेत. कुठपर्यंत सरकतील ते बाईही सांगत नाहीत. शर्ट सैल झाले. जिममधल्यांनी विचारलं, भाऊ, आजारी होता का, तर मी त्यांना रिपोर्टच वाचायला दिला. ट्रेनर माझ्याशी बोलत नाही. दोघे जण मात्र एका रविवारी गुपचूप माझ्यासोबत लॅबमध्ये आले. एकाचं यकृत सुजलेलं निघालं. तो माझ्यावर आठवडाभर चिडला होता आणि मग त्याने गोळ्या बंद केल्या.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी जेवायच्या आधी मी आईला फोन लावला. बायकोने तसं करायला सांगितलं नव्हतं. ती ताटं घेत होती.

आई फोन कायम स्पीकरवर टाकते, कानाला लावला की तिला ऐकू येत नाही. संध्याकाळी भावाच्या ओट्यावर चार-पाच बाया बसलेल्या असतात, आणि दोन वर्षांत माझ्या बायकोच्या एकूण एक रिपोर्टची खबर त्या ओट्यावरूनच गावभर गेली होती.

"आई, तपासणी झाली," मी म्हणालो. "तिच्यात काही नाही. दोष माझ्यात आहे. मी औषधं घेत होतो, त्यानं झालं."

पलीकडे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मग आईचा आवाज आला, अगदी दबका.

"हळू बोल रे बाबा. बाया बसल्यात इथं."

दोन वर्षं माझ्या बायकोबद्दल बोलताना त्या ओट्यावर कुणी आवाज खाली केला नव्हता. मी खुर्चीतून उठलो आणि कंपनीत पत्रा ठोकणारी प्रेस चालू असताना ज्या आवाजात बोलावं लागतं, त्या आवाजात सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.