विस्तव नेणं बंद

बेंबळीच्या आमच्या गल्लीत चूल राखण्याच्या बाबतीत माझ्याइतकी नालायक सून दुसरी नाही, असं माझं नाव झालं होतं. रात्री स्वयंपाक आटोपला की निखारे राखेत पुरायचे, सकाळी राख सारून फुंकर घालायची, की चूल पेटली. एवढं सात वर्षांच्या पोरीलाही जमतं. माझे निखारे मात्र रोज विझलेले. माहेरी काय शिकवलं हिला, असं येणारी-जाणारी विचारी आणि मी मान खाली घालून ऐकून घेई.

खरं सांगायचं तर ते निखारे मीच विझवत होते. पहाटे उठल्याबरोबर ओंजळभर पाणी, की काम झालं.

आमच्या परसातच आड होता, त्यामुळं पाण्याच्या निमित्तानंही मला उंबरा ओलांडायची सोय नव्हती. लग्नाला वर्ष झालेलं आणि अख्ख्या गावात मैत्रीण एकच. चार घरं सोडून एक मुसलमान शिंपी राहायचे, त्यांची सून. माझ्याच वयाची, मी तिला भाभी म्हणायची. चूल विझली तर शेजारून विस्तव आणायचा, ही गावची रीत. विस्तवाला विटाळ नसतो, असं सासूबाई म्हणत, म्हणून तिच्याकडून आणायलाही कुणाची हरकत नव्हती. गोवरीचं एक टोक तिच्या चुलीत धरायचं आणि ते पेट घेईपर्यंत बोलायचं. वाळकी गोवरी लगेच धरते, म्हणून मी ढिगाच्या तळातली ओलसर बघून न्यायची. धुरानं दोघींच्या डोळ्यांना पाणी आणि तोंडाला मात्र खळ नाही. दिवसभरात तेवढंच काय ते माझं स्वतःचं होतं.

त्या चैत्रात, वाऱ्याच्या दुपारी, खालच्या गल्लीत कडब्याची एक गंजी जळाली. कुणीतरी चिलमीसाठी उघडा विस्तव नेला होता, त्याची ठिणगी. मराठवाडा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेलेला आणि आमचे सासरे पंच झालेले. निजामाच्या अमलात त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं. ती सगळी कसर त्यांनी आगीवर काढली.

गावात दवंडी फिरली. गंज्या घरापासून लांब रचा. राख थंड झाल्याशिवाय उकिरड्यावर टाकू नका. जळत्या चिमणीत घासलेट ओतू नका. बायांनी चुलीपुढं पदर खोचून बसावं. घरोघरी वाळूचा डबा ठेवावा. सगळं शहाणपणाचंच होतं, मीही मान डोलवत ऐकत होते. शेवटचं वाक्य ऐकलं आणि हातातली परात निसटली. गल्लीतून विस्तव नेणं बंद, ज्यानं त्यानं घरात काडेपेटी ठेवावी.

आमची काडेपेटी सासऱ्यांच्या बंडीच्या खिशात असे. दवंडीनंतर चूल विझलीच, तर ते खाकरत येत आणि सत्यनारायणाला बसल्यासारखे पाटावर बसून एक काडी ओढून देत. आता निखारे विझवण्यात काय अर्थ होता? माझी चूल एकदम राहू लागली, गल्लीत कौतुक झालं आणि भाभीची भेट बंद पडली. मी चुलीपुढं बसून रडायची आणि धुराचं नाव सांगायची. सासूबाई नुसत्या बघत. त्यांनाही दवंडीचं फारसं कौतुक नव्हतं. वाळूच्या डब्यातली वाळू त्या फुटाणे भाजायला घेत. सासऱ्यांना हे ठाऊक नव्हतं. फुटाणे मात्र ते आवडीनं खात.

श्रावणात कळलं की भाभी बाळंतपणाला भूमला माहेरी चालली आहे, उद्याच्याच एसटीनं. पहिली खेप. त्या काळी बाळंतपणाला गेलेली पोर परत येईलच, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नसे. जायच्या आधी तिला एकदा बघायचं होतं. मला फार भीती वाटत होती आणि घराबाहेर पडायला निमित्त सापडत नव्हतं.

पावसाळी हवेनं काड्या सादळत होत्या. सासऱ्यांनी खिशातली आणि दवंडीनंतर साठवलेल्या सगळ्या काडेपेट्या चुलीमागच्या कट्ट्यावर, भानवशीवर, ऊब मिळावी म्हणून मांडून ठेवल्या. तिथं नका ठेवू, असं सासूबाई म्हणाल्या. आगीतलं बायकांना काय कळतं, असं त्यांना उत्तर मिळालं.

त्याच सकाळी मी भाकऱ्या थापत होते. जाळ जरा मोठा झाला, त्याची जीभ मागं गेली आणि सगळ्या पेट्या एकदम फुर्रकन पेटल्या. सासरे धावत आले. दाराशेजारचा वाळूचा डबा उचलून त्यांनी जाळावर उपडा केला. त्यातून ओंजळभर फुटाणे पडले.

मी आमटीचं पातेलं उचललं आणि भानवशीवर ओतलं. आग विझली. उरलेली आमटी मी चुलीत ओतली. त्याची काही गरज नव्हती.

घरात काडी नाही, निखारा नाही, आणि सासऱ्यांच्या मिशीला डाळ. त्यांनी ओली राख चिवडून बघितली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "झाकणाच्या मडक्यातनं इस्तू आणला तर चालंल. वारं सुटायच्या आत." दुसऱ्या दिवशी तशी दवंडीही झाली.

मी मडकं घेतलं, घाईत वरचीच एक गोवरी उचलली आणि निघाले. सासूबाई दारात आडव्या आल्या. त्यांनी माझ्या हातातली गोवरी काढून घेतली, ढिगाशी वाकल्या आणि अगदी तळातली एक ओढून माझ्या हातात ठेवली.

"ही वली घिऊन जा," त्या म्हणाल्या. "वाळली लौकर पेटती. अन् ती पोर उद्या चालली."