उन्हावरचा भात आन् माझं नाक

सोलर कुकर म्हटल्यावर तुमाला वाटलं असेल काच फुटली, कुणाचं बोट भाजलं, न्हाईतर शेजारचं मांजर आत जाऊन बसलं. तसलं काई झालं न्हाई. कुकर एकदम चांगला होता. बिघाड माझ्यात होता.

उत्रोलीतल्या बचत गटात आईनं छाती ठोकून सांगितलं होतं, की रविवारी आमच्या गच्चीवर उन्हावर शिजलेला भात जेवा, मगच कुकर घ्यायचा का न्हाई ते ठरवा. त्यावर सुशीलाकाकू म्हणाल्या, "उन्हात पापड वाळतात बाई, भात न्हाई शिजत." झालं! आईची इज्जत त्या कुकरच्या पेटीत गेली. आन् पेटीची चाचणी माझ्याकडं, कारण घरात कॉलेजात जाणारा मीच (भोरला, एसटी मिळाली तर).

पेटी दाखवायला आलेले साहेब नाकातून बोलायचे. दुसऱ्याच दिवशी मला त्यांचा आवाज जमला. रविवारी सकाळी नवाला काळ्या डब्यात इंद्रायणी तांदूळ, मापात पाणी, आरसा बरोबर सूर्याकडं. बारापर्यंत भात होणार म्हंजे होणार!

साडेनवाला शेजारच्या वहिनी डोकावल्या. म्या काच उचलली, नाक चिमटीत धरलं आन् सुरू झालो, "ताई, एकच लक्षात ठेवा, मधी झाकण अजिबात उघडायचं नाही." वहिनी हसून हसून कठड्याला टेकल्या. दहाला त्यांच्या दोन्ही जावा आल्या. परत काच वर, परत साहेब. मग दूधवाला आला, त्यानं तर दोनदा करायला लावलं, आन् बारापर्यंत कुणी ना कुणी येतच राहिलं. आन् आमच्यात भात झाला का ते शीत दाबूनच बघतात, म्हणून दर खेपेला डब्याचंही झाकण काढून दोन शितं दाबली. (चाचणी म्हंजे चाचणी!)

साडेबाराला गट पंगतीला बसला. आईनं वरण वाढलं, म्या ऐटीत डबा उघडला. तांदूळ कोमट पाण्यात निवांत बसले होते. सुशीलाकाकूंनी एक दाणा दाताखाली धरला. कट्.

"भिजलाय मातर चांगला," काकू म्हणाल्या. "वाटून डोसे घाल."

सगळ्या हसल्या. आई सोडून. तेवढ्यात वहिनींना माझी बाजू घ्यायची हुक्की आली. पोरानं लई लक्ष दिलं, म्हणाल्या, दर पंधरा मिनटाला उघडून बघत होता बिचारा.

आईनं वरणाची पळी खाली ठेवली.

"साहेब काय सांगत होते रं?"

म्या सवयीनं नाकातूनच सांगितलं.

"वाक्य तोंडपाठ हाय," आई सगळ्या गटासमोर म्हणाली, "आन् ते सांगायला दर वेळी झाकण उघडत होतास व्हय रं, बैला?"