निंबाच्या पाण्याची बाटली

"काहीतरी लावलंय. काय लावलं ते सांगा."

"काईच नाई लावलं मॅडम. देवाशपथ."

पाच वर्षांची स्वरा टेबलावर पालथी पडून रडत होती. तिची आई प्रणिता तिचे हात धरून उभी होती. बाळापूरहून सकाळच्या बसनं आल्या होत्या. मुलीला कांजण्या येऊन गेल्या होत्या, फोडांवर खपल्या धरल्या होत्या. म्हणजे आता ती बरी व्हायला हवी होती. त्याऐवजी काखा, जांघा आणि कमरेवरची इलॅस्टिकची रेघ लालभडक होऊन सोलली होती. डावा डोळा सुजून मिटला होता. कांजण्या असं करत नाहीत.

मी अकोल्यात स्किन स्पेशालिस्ट आहे. पेशंट काहीतरी लपवतोय असं धरूनच मी बोलायला सुरुवात करते. सवय वाईट आहे, पण बहुतेक वेळा कामी येते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली स्टेरॉइडची ट्यूब घरोघरी असते आणि कबूल कोणीच करत नाही.

"ट्यूब? पावडर? गावातल्या कुणी दिलेलं तेल?"

"नाई म्हटलं ना. तुमी माह्यावर विश्वास कावून नाई ठेवून राहिल्या?" प्रणिता आता चिडली होती. "निंबाच्या पाण्यानं आंग धुतलं फक्त. माता येऊन गेल्यावर धूत नाई का?"

धुतात. माझ्या आईनंही मला धुतलं होतं. पण 'पाणी' हा शब्द ऐकला आणि मी मुलीकडं पुन्हा नीट पाहिलं. सोललेली जागा नेमकी तीच होती, जिथं आंघोळीचं पाणी साचून राहतं. कातडीच्या घड्यांत आणि इलॅस्टिकखाली. म्हणजे भानगड पाण्यातच होती. कडुनिंबाचा पाला असं भाजत नाही. मग मला झाडाचा संशय आला. आपल्याकडं पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, औषध फवारतात ते धुऱ्यावरच्या, बांधावरच्या झाडांवरही उडतं.

"पाला कुठल्या झाडाचा? शेताच्या धुऱ्यावरचा?"

"झाड कुठचं मॅडम? आमी गावात राह्यतो. बाटलीतलं हाय."

"कसली बाटली?"

"निंबाच्या पाण्याची."

जावेला फोन लावून तिनं बाटलीचे फोटो मागवले. मोठ्या अक्षरांत 'निंबजल' (नाव मी बदललं आहे), खाली हिरवीगार पानं आणि 'निसर्गाची शुद्धता'. मागच्या बाजूला बोटाच्या पेराएवढी एक इंग्रजी ओळ होती. ती मी फोटो मोठा करकरून वाचली. बेंझाल्कोनियम क्लोराइड.

हे जंतू मारणारं रसायन आहे. अगदी थोड्या प्रमाणात ते डोळ्यांच्या थेंबांतही असतं, म्हणून नाव ऐकून घाबरायचं कारण नाही. पण फरशी पुसायच्या द्रावणात ते कितीतरी जास्त असतं. तसलं द्रावण कांजण्यांच्या ताज्या जखमांवर आणि डोळ्यात गेलं तर भाजतं. खरा संताप मला पुढं आला. ही बाटली फरशीच्या द्रावणाचीच असणार, पण तसं तिच्यावर कुठंही लिहिलेलं नव्हतं.

"किती टाकत होत्या?"

"पयले एक झाकण. मंग तिची खाज वाढली म्हणून दोन-तीन टाकले." बोलता बोलता तिला कळलं. ती स्टुलावर बसली आणि म्हणाली, "म्हंजे म्याच केलं?"

मी नाही म्हणाले. जोरात म्हणाले. त्या क्षणी तिच्यावर घेतलेल्या संशयाची मला लाज वाटली.

मुलीचं अंग आणि डोळा साध्या पाण्यानं भरपूर धुतला आणि तिला लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडं पाठवलं. बुबुळावर भाजल्याची जखम होती. नजरेचं काय होईल, ते लगेच सांगता येत नव्हतं.

बाटलीवर फोन नंबर होता. तो एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा निघाला. मी स्वतःच गेले. मालकांनी चहा मागवला.

"मॅडम, ते फरशीचं हाय. सगळ्यायले माहीत हाय."

"मग लिहिलं का नाही?"

"नुसतं क्लीनर लिहिलं तर कोण घेते? बाजारात पन्नास क्लीनर हायेत."

"मग फरशीचं जंतुनाशक लिहा. आहेच की ते."

ते जरा अडखळले. "जंतुनाशक लिहिलं का परवाना मागतात. तपासणी, लॅबचा रिपोर्ट, लय झंझट."

म्हणजे विसरून राहिलेलं काहीच नव्हतं. क्लीनर लिहिलं तर खपत नाही, जंतुनाशक लिहिलं तर नियम लागतात. म्हणून बाटली कशाची, तेच लिहायचं नाही. उरलेलं काम पानांचं चित्र करतं.

"माल परत घ्या."

"बाळापूर ते परतवाडा गेला मॅडम. कसा घेऊ?"

मी चहा तसाच ठेवून उठले. औषध विभागाकडं तक्रार केली. अकोला-अमरावतीच्या डॉक्टरांच्या ग्रुपवर फोटो टाकले. परतवाड्याच्या एका सहकाऱ्याचं लगेच उत्तर आलं. त्याच्याकडं तसंच भाजलेलं एक बाळ येऊन गेलं होतं. त्यानं ते उष्णतेचं समजून क्रीम दिलं होतं.

स्वराचा डोळा वाचला. काखेतले डाग अजून आहेत, जातील हळूहळू. प्रणिता आता येते ती पिशवी घेऊन. साबण, शाम्पू, भांड्याचं लिक्विड, सगळं माझ्या टेबलावर मांडते. म्हणते, "मॅडम, मागचं वाचून सांगा." मी वाचते. अर्ध्या बाटल्यांवर वाचण्यासारखं काही नसतंच.

मध्यंतरी तिनं नवं निंबजल आणून दाखवलं. तक्रारीनंतर जुना माल उचलला गेला होता. बाटली नवी, स्टिकर नवं. 'फक्त फरशीसाठी' असं ठळक मराठीत लिहिलेलं पाहून मला बरं वाटलं. त्याखाली 'लहान मुलांपासून दूर ठेवा'. तेही मराठीत.

मग पूर्ण स्टिकर पाहिलं. पानं गेली होती. त्यांच्या जागी चकचकीत फरशीवर एक गुटगुटीत बाळ रांगत होतं, हसत हसत.

मी मालकांना फोन लावला.

"आता तर लिहिलं ना मॅडम," ते म्हणाले, "सगळं कायद्यानं."

कायद्यानं बरोबरच होतं. पण दुकानात उभी असलेली आई आधी अक्षरं वाचेल की बाळाकडं पाहील, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.