इटालियन आजी

टोकियोतल्या निशी-कसाईत वीस वर्षं काढूनही शैलजा टिपणीसांना जपानात कशाची किळस आली नव्हती. २०१८च्या एप्रिलात त्यांनी मराठी पर्यटकांच्या गाइडचं काम धरलं आणि चार महिन्यांत ती आली.

चिबाच्या किनाऱ्यावरची एक कोळ्यांची वस्ती २०११च्या त्सुनामीच्या लाटेत धुऊन गेली होती. त्या जागेवर एका कंपनीने भूमध्य सागराकाठचं खेडं उभं केलं. पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, कुंड्यांत ऑलिव्ह. दर सोमवारी रंगारी येऊन भिंतींवर ब्रशने तीनशे वर्षांचा मळ चढवत. वादळात भरकटलेले इटालियन खलाशी इथेच रमले, असा खेड्याचा इतिहास छापून शैलजाबाईंच्या हाती दिला होता. तो त्यांनी पर्यटकांना वाचून दाखवायचा.

सगळ्यांत ओंगळ प्रकार चौकात होता. मूळच्या याच वस्तीतल्या, बहात्तर वर्षांच्या किकुची-सानना काळा झगा घालून, डोक्याला रुमाल बांधून खुर्चीत बसवलेलं असे. जाळं विणायचं, पर्यटकांसमोर तोंड उघडायचं नाही.

ऑगस्टातल्या एका सकाळी बस यायच्या आधी शैलजाबाई त्यांच्यापाशी उकिडव्या बसल्या.

"आज मी खरं काय ते सांगून टाकणार. तुमचं हे माकड केलेलं मला बघवत नाही."

किकुची-सानचे हात थांबले नाहीत. "माकड तर माकड. शैलजा-सान, ही खुर्ची आहे ना, तिथे माझं स्वयंपाकघर होतं. लाट ओसरल्यावर नवरा सापडला तोही इथेच. तिकीट काढून आले, तर इथे दिवसभर बसू कोण देईल? सांगा तुम्ही खरं, मग बघा. मला उठवून आइस्क्रीमची गाडी लावतील."

बस आली. शैलजाबाईंनी इतिहासाचा छापील कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला.

"नयना, आता ग्रीसला जायला नको बघ!" पर्यटकांतले विजयकुमार बायकोला म्हणाले. मग शैलजाबाईंकडे वळले, "ही आजी इटालियन का हो? डोळे तर जपानी दिसतात."

"इटालियनच. पिढ्या गेल्या इथे."

"नयना, खांद्यावर हात टाक तिच्या."

"ईऽ, मासळीचा वास मारतोय."

"फोटोत येतोय का वास?"

त्यांनी मोबाइल शैलजाबाईंच्या हातात दिला. किकुची-सान शिकवल्याप्रमाणे हसल्या. शैलजाबाईंनी फोटो काढला.

"एक उभा पण घ्या हो," विजयकुमार म्हणाले.

त्यांनी तोही काढला.